सूरजबाईंचं तेल

सूरजबाईंना बसता येत नसे. आमच्या जळगावच्या सेंटरमध्ये गादीचा बाक आहे, वर पंखा आहे. पण बाई आल्यापासून जाईपर्यंत उभ्या. दारापासून खिडकीपर्यंत अकरा पावलं, परत अकरा. पायाला भिंगरी म्हणतात ती मी त्यांच्याच पायाला पाहिली. मला फार राग यायचा. यंत्र मी चालवते; दीड तास मीटरवरून नजर हलवायची नाही, आणि पाठीमागे बांगड्या वाजवत ह्यांच्या येरझारा.

दोंडाईच्याला त्यांचं कापडाचं दुकान. घर मारवाडी, पण तीन पिढ्या तिथेच गेल्याने बाई अहिराणी माझ्यापेक्षा फर्मास बोलत. एकुलती मुलगी विधी अमेरिकेत शिकायला गेली आणि तिथे रानात फिरताना तिला गोचीड चावली. त्यातून लाइम नावाचा आजार झाला. "लोके अमेरिकाथून सोनं आनतस, मन्ही पोरनी गोचीड आनी," असं बाई सांगत आणि स्वतः मात्र हसत नसत. औषधांचा कोर्स पुरा झाला, तरी सांधेदुखी आणि थकवा दोन वर्षं हटेना. धुळ्यातल्या एका डॉक्टरने तर सांगितलं, पोरीचं लग्न करून द्या, बरी होईल. तिथून ह्या मायलेकी आमच्या यंत्रापाशी आल्या.

यंत्र म्हणजे माणूस आडवा मावेल एवढी काचेची नळी. आत शुद्ध ऑक्सिजन, तोही दाबाने भरलेला. आमच्या डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. "काही जण बरं वाटलं म्हणतात. पण या आजारावर ह्याचा उपयोग होतो, असा पक्का पुरावा नाही. चाळीस वेळा करून बघता येईल, हमी देणार नाही." सूरजबाईंनी पहिलं वाक्य उचललं, बाकीची तिथेच टेबलावर सोडली आणि जळगावात भावाकडे मुक्काम ठोकला.

पहिल्याच दिवशी आमची जुंपली. मी विधीचे केस तपासले तर हाताला तेलच तेल. एवढ्या ऑक्सिजनमध्ये तेल म्हणजे आगीला आमंत्रण.

"अक्का, हाई काय शे? पोरले जाळनं शे का?" मी ओरडले. माझ्या जिभेला हाड नाहीच.

बाईंचा चेहरा उतरला. लहानपणापासून त्या रोज मुलीच्या डोक्याला तेल चोळत. या आजारात त्यांना करण्यासारखं तेवढंच उरलं होतं, तेही मी काढून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून केस कोरडे, धुतलेले, नीट विंचरलेले. हात रिकामे झाले म्हणून बाईंचे पाय चालू लागले असतील, हे मला फार उशिरा सुचलं.

"हेमलता, पोर हालस ना मझार?" दर पाच मिनिटांनी, नळीच्या आत बोट दाखवत.

"हालस, अक्का. बसा ना तुम्ही."

"फरक पडी ना?"

पंधराव्या दिवशी बाई खिडकीशी असताना विधीने खूण केली. मी नळीला जोडलेला फोन कानाला लावला. आतून तिचा आवाज आला, "ताई, मला काडीचा फरक नाही. मम्मी रोज विचारते, मी हो म्हणते. तिला सांगू नका."

"डॉक्टरांना तरी सांग."

"सांगितलं. ते म्हणाले, थांबायचं तर थांब. पण मम्मीला कोण सांगणार? ती कोसळेल."

झालं, आता माझाही जीव टांगणीला. बाई विचारत, "फरक शे ना?" आणि मी मीटरकडे बघत म्हणे, "डॉक्टरांना विचारा." एरवी फटकळ म्हणून माझी ख्याती; ह्या बाईपुढे मात्र दातखीळ बसायची. घरी गेल्यावर स्वतःचाच संताप यायचा.

तेविसाव्या दिवशी विधीने डोक्यावरची ओढणी काढली. केस तेलाने चिप्प. खोबरेल तेलाचा वास दारापर्यंत गेला. मी ओरडणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "ताई, आज मला आत जाता येणार नाही. मीच मम्मीला म्हटलं, तेल लाव."

मी सूरजबाईंकडे पाहिलं. नियम त्यांना तोंडपाठ होता.

"आणि तुम्ही लावलंत, अक्का?"

"लायं," त्या म्हणाल्या. "रोज सकाळे तिना केस मीच विंचरस. तिना हात अजून डोकापर्यंत जास नही. माले काय समजत नव्हतं? ती हो म्हने, मी ऐकी लेऊ."

मला रडू आलं. आठ दिवस मी जे दडवलं, ते बाईंना कंगव्याने कधीच सांगितलं होतं.

मग सूरजबाई बाकावर बसल्या. तेवीस दिवसांत पहिल्यांदा. विधी त्यांच्या शेजारी आडवी झाली आणि डोकं मांडीवर ठेवून तिने डोळे मिटले. बाईंची बोटं आपोआप तिच्या केसांत शिरली. बाकाच्या नव्या गादीला तेलाचा हा मोठा डाग पडला, आणि मी कोणाला काही बोलले नाही.