गाडी लागणारी सुभेदारीण

माझी आई दुसऱ्याच्या रानात आलं काढायला जायची आणि वडील गुऱ्हाळावर चुलवाणात जळण टाकायचे. आमच्या घरात दहावीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. एक खोली, पाच माणसं, एक बल्ब. म्हणून मी अभ्यासाला शेजारी जायची, सुभेदारीण काकीच्या सोप्यात. सुभेदार वारलेले, मुलगा पुण्यात नोकरीला. काकी एकटीच असायची. मी वाचत बसले की ती समोर घेवडा निवडायची आणि माझी मान डुलली की एक दाणा नेम धरून मारायची.

या काकीला गाडी लागायची. तशी अनेकांना लागते, पण काकीला एसटीचा नुसता वास आला तरी पदर तोंडाला जायचा. माहेर चार कोसांवर, तिथं ती आयुष्यभर चालत गेली. मुलाच्या लग्नाला पुण्याला नेली, तर मांडवात अशा तोंडानं बसली की विहिणीला वाटलं, बाई मानपानावरून रुसली. बिचारी दोनदा साडी बदलून आणायला निघाली होती.

आणि याच बाईला राजस्थानच्या सरहद्दीवर जायचं होतं. सुभेदार बारा वर्षं तिकडं वाळवंटात होते. बायकामुलांना न्यायची परवानगी नव्हती. "पत्त्यात गावाचं नावच नसायचं गं, नुसता आकडा," काकी सांगायची. "बारा वर्सं त्या आकड्याला पत्रं धाडली. आता डोळं हायत तवर त्यो मुलूख बघायचा हाय." मुलगा म्हणाला, "आई, विमानानं नेतो." काकी म्हणाली, "ढगातनं वाळू कशी दिसंल? आन् ते काय इमानानं गेलं न्हवतं."

उंब्रजचे एक अण्णा दर हिवाळ्यात बस काढायचे. आचारी, गॅस, पीठ, चटणी सगळं बरोबर घेऊन आपल्याकडची माणसं वाळवंटापर्यंत फिरवून आणायचे. काकीनं त्यांना गाठलं. अण्णांना तिची ख्याती कुणीतरी आधीच पुरवली होती. "मावशी, अठरा दिवस बस हाय. तितं मैलोन्‌मैल टपरी न्हाई, झाड न्हाई. तुमच्यासाठी गाडी कितींदा थांबवू?" आणि कटवायचं म्हणून म्हणाले, "केळघरचा घाट चढून महाबळेश्वरला जाऊन या. उलटी न होता आलात, तर सीट तुमची."

अण्णांना वाटलं, विषय मिटला.

मी तेव्हा साताऱ्याला कॉलेजला एसटीनं जायची. पुढच्या सोमवारी काकी माझ्या शेजारी येऊन बसली. कोरेगाव यायच्या आतच खाली उतरावं लागलं. तिनं चूळ भरली, परतीची एसटी धरली आणि पुढच्या सोमवारी पुन्हा हजर. तिचा नियम ठरला होता. जिथं पोट हरलं त्या थांब्यावर उतरायचं आणि पुढच्या खेपेला तो थांबा ओलांडायचाच. लिंबू, आलेपाक, कशाला हात लावायची नाही. म्हणायची, "रंगरूट पयल्याच दिशी पळत न्हाई. आदी चालतोय." कोरेगाव सर झालं. सातारा झालं. मग नागठाणे, उंब्रज, कराड. मलकापूरनं तिला तीन सोमवार अडवलं. वर्ष सरायच्या आत ती सांगलीच्या स्टँडवर भडंग खात उभी होती.

त्याच वर्षी मी इंग्रजीत नापास झाले. आई म्हणाली, "बास झालं, रानात चल." मी वह्या बांधून ठेवल्या. काकीनं गाठोडं सोडलं. "मी मलकापुरात तीनदा वकले, म्हणून काय घरी बसले? जितं हरलीस तितनंच फुडं जायचं. ऊठ." मी पुन्हा फॉर्म भरला.

घाटाच्या दिवशी साक्षीदार म्हणून मी बरोबर होते. मेढा मागं पडलं, वळणं सुरू झाली. काकी पुढचा दांडा धरून बसली, डोळे सताड उघडे. तशीच चढली, तशीच उतरली. मेढ्यात गाडी थांबल्यावर तिनं तिकीट कंडक्टरपुढं धरलं. "ह्याच्या मागं लिवा, बाईला उलटी झाली न्हाई. आन् सही करा."

"आवं मावशी, असलं सर्टिफिकेट एसटी देत न्हाई."

"मग आजपास्नं द्या."

त्यानं हसत लिहून दिलं. अण्णांनी ते वाचलं, कपाळाला हात लावला आणि काकीच्या सांगण्यावरून दोन सीटा लिहिल्या, एक तिची, एक माझी. मला कशाला, म्हणून मी विचारलं. "शिकलीयास ना? मग बघून घे जग," एवढंच काकी म्हणाली. जिल्ह्याबाहेर मी तेव्हा पहिल्यांदा पडले.

अण्णांच्या बसमध्ये एक रीत होती. पुढची सीट कायम कुणाची नाही. रोज सकाळी सगळ्यांनी एक रांग मागं सरकायचं, शेवटच्यांनी पुढं यायचं. सरहद्दीकडं जायच्या दिवशी नेमकी आमची पाळी शेवटच्या रांगेची. तिथं बसलेला माणूस खड्ड्याला छतापर्यंत उडतो. अण्णा स्वतः मागं आले. "मावशी, आज फुडं बसा. कुणी काय म्हणत न्हाई."

"रोज समदी सरकली, मीच कशी न्हाई सरकायची? जा तुमी."

दोन तासांनी तिचा चेहरा उतरला. बाहेर रस्ता सरळ, दोन्हीकडं वाळू आणि खुरटी झुडपं. काकीनं दांडा धरला आणि हळूच पुटपुटायला लागली, "कोरेगाव... सातारा... नागठाणे..." मी तिच्याबरोबर म्हणायला लागले. पुढच्या रांगेतल्या बायकांनी उचललं. "उंब्रज आलं का गं?" "आलं, आलं, कराडची मानसं दाराशी या!" अख्खी बस वाळवंटात सांगलीची एसटी झाली. मलकापूर ओलांडून पेठनाक्यापर्यंत काकीनं रेटलं. तिथं मात्र हात वर केला.

बस थांबली. काकी उतरली, ओकली, चूळ भरली. अण्णा अवघडून म्हणाले, "मागच्या गावात सोडू का? येताना घेतो." काकीनं तोंड पुसलं, ती चढली आणि पुन्हा त्याच शेवटच्या सीटवर जाऊन बसली.

तासाभरानं लष्कराचा अडसर आला. एक तरुण जवान आडवा झाला. "माताजी, इसके आगे नहीं जा सकते."

काकी चारी बाजूंनी फिरून बघत होती. कुठंच नजर अडत नव्हती. मग त्याला म्हणाली, "आगे नहीं जाना बाबा. हितवरच आना था."

तिथं ती बराच वेळ उभी राहिली. रडली नाही.

काकीला जाऊन आता दोन वर्षं झाली. तिच्या मागं बोलताना माणसं म्हणतात, हौशी होती बाई. मला ते पटत नाही. हौस मलकापूरला तिसऱ्या सोमवारी संपली असती.

सुभेदारीण काकी अठरा दिवस बसनं जाऊन, नवऱ्याचा मुलूख बघून, बसनंच घरी आली. पुढच्याच उन्हाळ्यात इंग्रजीसकट सगळे विषय सोडवून मी बी.ए. झाले. आमच्या घरातली पहिली.