आठव्या दिवसाची गोळी

मंगळवार कधी येतो आणि कधी निघून जातो, हे मला हल्ली कळत नाही. निवृत्त माणसाला सगळे दिवस रविवारच, असं लोक हसून म्हणतात. मला तसंही वाटत नाही. रविवार म्हटला तर त्याला रविवारची काहीतरी चव हवी. सकाळी दूध येतं, पेपर येतो, दुपारी डुलकी लागते, आणि उठल्यावर बघतो तर आठवडा संपत आलेला असतो. मोबाइलवर वार दिसतो, नाही असं नाही. पण तिथं बघायचं सुचलं तर ना.

तसा आमच्या घरात वारांचा घोळ जुनाच. माझे वडील निजामाच्या काळात गंगापूरच्या कचेरीत कारकून होते. तेव्हा सुट्टी जुम्म्याला असायची. पोलीस अ‍ॅक्शन झाली, राज्य बदललं आणि सुट्टी रविवारी गेली. राज्य बदलल्याचा वडिलांना आनंदच होता, पण शुक्रवारी अंघोळ लांबवायची त्यांची सवय काही सुटली नाही. पुढं कितीतरी शुक्रवार ते कचेरीत उशिरा पोचायचे, असं आई सांगायची. मला त्याचं फार हसू यायचं. मग मला इथं चिकलठाण्याला कारखान्यात नोकरी लागली आणि तिथली सुट्टी निघाली शुक्रवारची.

तीस वर्षं मी शुक्रवारी घरी होतो. मुलगा शाळेत, पाहुणेरावळे आपापल्या कामावर, गुलमंडीतली दुकानं उघडी, आणि मी एकटाच पायजम्यावर दारात बसलेलो. रविवारी सगळे घरी, तेव्हा मी डबा घेऊन कंपनीच्या बसची वाट बघत उभा. लग्नंकार्यं रविवारी, त्यामुळे निम्म्या लग्नांत माझं तोंड कुणी पाहिलं नाही. बायको म्हणायची, "मला आठवड्यात दोन रविवार रांधावं लागतंय, अन् सुट्टी एकबी नाय."

वार खरे सांभाळले ते तिनंच. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. सोमवारी भगर, गुरुवारी साबुदाणा. मी कामावरून आलो की दारातच वासावरून आजचा दिवस कळायचा. मला स्वतःला वार लक्षात ठेवायची कधी गरजच पडली नाही, आणि नेमकं तेच आता नडलं असावं.

दोन वर्षांपूर्वी तिचे सांधे सुजले. बोटं वळेनात, सकाळी कप धरता येईना. डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिली आणि बोट वर करून बजावलं, "ही आठवड्यातून एकदाच. एक वार धरा आणि तो सोडू नका. जास्त झाली तर जिवावर बेतेल." सोबत तिचे उपासही बंद करायला लावले. तिनं ते ऐकलं, पण मनातून तिला ते आवडलं नाही. तेव्हापासून आमच्याकडे सातही दिवस पोळी, वरण आणि दुधी.

गोळीचं पाकीट तिच्या बोटांनी फुटेना, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. वार मी शुक्रवार धरला. मी दुसरा कोणता धरणार?

तेव्हा आमच्या गल्लीत नळाला पाणी आठव्या दिवशी यायचं, आणि योगायोगानं तेही शुक्रवारी. आमच्या शहरात माणूस एक वेळ स्वतःचा वाढदिवस विसरेल, पण पाण्याचा दिवस विसरणार नाही. कुणी लग्नाला बोलावलं तरी आधी पाणी कधी आहे ते बघायचं. पाहुणे येणार म्हटले की, "पाणी झाल्यावर या," म्हणायचं. त्यामुळे मला ते फार सोयीचं वाटलं. नळ आला की मोटर लावायची, हौद भरायचा, वरची टाकी भरायची, पिंपं भरायची, जेवायचं, आणि जेवण झालं की तिला गोळी द्यायची. कॅलेंडर बघायचं मी कधी सोडलं, ते माझं मलाच आठवत नाही.

मग एकदा पाणी पाचव्याच दिवशी आलं. गल्ली खूश. मीही खूश. भराभरी आटोपून जेवलो आणि पाकीट फोडलं.

"इतक्यात?" ती म्हणाली. "आठवडा झाला व्हय?"

"पाणी आलं ना," मी म्हणालो. "मग झालाच की."

तिनं गोळी घेतली. पुढचं पाणीही पाचव्या दिवशी आलं, त्याच्या पुढचंही. दोन्ही वेळा तिनं काही विचारलं नाही.

नंतर तिचं तोंड आलं. आधी वाटलं उष्णता असेल, म्हणून मी गुलकंद आणला. मग तिला वरणभातही गिळवेना, ताप आला, तेव्हा तिला रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी पाकीट मागितलं आणि त्यातली रिकामी घरं बघून माझ्याकडे पाहिलं. "काका, कोणत्या वारी देता?"

"शुक्रवारी."

"प्रत्येक वेळी?"

"हो, पाणी येतं त्या वारी," मी छातीठोकपणे सांगितलं. मी खोटं बोलत नव्हतो. माझ्या डोक्यात ते सगळे शुक्रवारच होते.

त्यांनी पाकीट कधी आणलं ते विचारलं, पाणी कधी कधी आलं ते माझ्याकडून काढून घेतलं आणि कागदावर मांडून दाखवलं. तेरा दिवसांत चार गोळ्या. मी बोटांवर मोजून बघितलं, पुन्हा मोजलं, दोनदा वेगवेगळे आकडे आले. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी खूप खाली गेलेल्या. तिला लगेच दाखल करून घेतलं. आणखी एखादी गोळी गेली असती तर काय, हे मी विचारलं, तेव्हा डॉक्टरांनी ते पाकीट स्वतःच्या खणात टाकलं.

दवाखान्यात मी तिच्या उशाशी बसून राहिलो. किती दिवस, ते नीट सांगता येणार नाही. तिथं तर सकाळ आणि दुपारही सारखीच वाटत होती. मला भीती वाटत होती ती तिच्या जिवाची, आणि त्या भीतीआड दुसरी एक, जी मी कुणाला सांगत नव्हतो. पेशी वर यायला लागल्या, तिला पेज जायला लागली, तेव्हा मी धीर करून विचारलं, "तुला कळलं नव्हतं का गं?"

"कळलं होतं की. पहिल्या खेपेला मंगळवार होता. मग शनिवार. मग बुधवार."

"मग बोलली का नाहीस?"

"पहिल्या खेपेला बोलले. तुम्ही इतकं ठाम सांगितलं, मला वाटलं माझंच डोकं फिरायलंय." ती छताकडे बघत होती. "उपास सुटल्यापासून मलाबी वाराचा भरोसा वाटंना झालाय. म्हटलं, हिला आता वारबी कळंना, असं तुमच्या ध्यानात यायला नको. म्हणून गपगुमान गिळल्या."

मला लाज वाटली, आणि रडू आलं म्हणून स्वतःचा रागही आला. तिला वार पक्के माहीत होते. त्यांच्यावर तिचा भरवसा नव्हता, माझ्यावर होता, आणि माझा होता नळावर.

मी तिला सांगून टाकलं. म्हणालो, "अगं, मलाच वार कळत नाहीत. वर्ष झालं असेल. पेपर उघडला की आधी वरचा वार बघून घेतो, तुझ्यासमोर चुकायला नको म्हणून. तोही दुपारपर्यंत विसरतो."

तिनं माझ्याकडं मान वळवली. मग सुजलेला हात माझ्या हातावर ठेवून म्हणाली, "मग हे आधी सांगायचं नाय का? गोळ्या मी खाल्ल्या ना."