खुळखुळाताईंचा कान

खुळखुळाताईंना ऐकू येत नसावं, ही शंका काळजीबाईच्या डोक्यात शिरली ती काही केल्या बाहेर पडेना. भाजी चिरताना तीच, दोरीवर दुपटी वाळत घालताना तीच.

काळजीबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. थोरली मुलगी झाली तेव्हा ही झोपलेल्या बाळाच्या नाकापुढे दर थोड्या वेळानं बोट धरून श्वास चालू आहे ना ते बघायची. हे बघून ताईंनीच ते नाव ठेवलं होतं. "हिला काळजी करावी लागत नाही," त्या सासऱ्यांना म्हणाल्या होत्या, "लोकांना शिंक येते तशी हिला काळजी येते." सासरे दिवसभर हसत होते. नाव चिकटलं.

ताईंचं नावही असंच चिकटलेलं. त्या आरोग्य केंद्राच्या. गल्लीगल्लीत, जिन्याजिन्यानं फिरायच्या आणि ज्या घरात तान्हं असेल तिथे जमिनीवर फतकल मारून बसायच्या. पिशवीत कापडाचा चेंडू, लाल बांगडी, वाटी-चमचा आणि औषधाची एक रिकामी डबी, आत तांदळाचे दाणे. ही डबी म्हणजेच खुळखुळा. बाळ मान धरतं का, वस्तू या हातातून त्या हातात घेतं का, आवाजाकडे वळतं का, हे त्या खेळता खेळता बघून घ्यायच्या. तपासणी चालली आहे हे बाळालाही कळायचं नाही आणि बाळाच्या आजीलाही नाही.

आणि आयांना सांगणं एकच. बोला. कपडे धुताना बोला, केर काढताना बोला, काय करताय ते सांगत राहा.

"तिला काय कळतंय?" थोरलीच्या वेळी काळजीबाईच्या नवऱ्यानं विचारलं होतं. "एक तरी उत्तर देते का ती?"

"तुम्ही बायकोला कधी उत्तर देता?" ताई म्हणाल्या. "तरी बोलतेच ना ती बिचारी?"

त्या दिवसापासून नवरा मुलीशी बोलायला लागला. बायकोशीही, थोडंफार.

ताईंची ही बोलण्याची चिकाटी कुठून आली ते त्यांनी एकदा चहा पिताना सांगितलं होतं. लग्नाआधीपासून त्या सूतगिरणीत होत्या. तिथे यंत्रांची घरघर अशी, की शेजारणीच्या कानात ओरडलं तरी ऐकू जायचं नाही. म्हणून बायका नुसत्या ओठांनी बोलायच्या. आवाज नाही, फक्त ओठ. अख्ख्या खात्याच्या कुचाळक्या, सासवांच्या नकला, मुकादमाला शिव्या, सगळं ओठांवर. मुकादम समोरून गेला तर त्याला वाटायचं, बाया जांभया देतायत.

"मग मुलगा झाला," ताई म्हणाल्या. "त्याला मांडीवर घेऊन मी तासन्‌तास बोलायची. चंद्र दाखवायची, कावळा दाखवायची. पण पोरगा दोन वर्षांचा झाला तरी गप्प. माझ्या तोंडाकडे टकामका बघत बसायचा. शेवटी शेजारची म्हातारी म्हणाली, अगं बये, तू नुसते ओठ हलवतेस, आवाज कुठाय? मला माहीतच नव्हतं. हाडीमाशी खिळलेली सवय ती. मला वाटायचं, मी बोलतेय."

हे सांगताना त्या इतक्या हसल्या की चहा सांडला. मुलगा पुढे बोलायला लागला, चांगला वकील झाला. "आता त्याला गप्प बसवायला पैसे द्यावे लागतात," असं त्या म्हणायच्या. गिरणी बंद पडल्यावर केंद्रात माणसं घेतायत असं कळलं, तशा त्या तिथे गेल्या आणि तिथल्याच झाल्या. तान्ही मुलं त्यांच्यावर लुब्ध असायची, कारण बोलताना त्यांचा सगळा चेहरा बोलायचा. भुवया, गाल, हनुवटी, सगळंच.

गुरुवारी त्या धाकट्याला बघायला आल्या. धाकटा चटईवर बसून चमचा चाटत होता. ताई त्याच्या मागे बसल्या आणि त्यांनी डबी हलवली.

थोरलीच्या वेळी हाच खुळखुळा ऐकायला काळजीबाईला श्वास रोखून धरावा लागला होता. ताईंचा नियम होता: "आवाज मला जेमतेम ऐकू आला पाहिजे, इतकाच करायचा. मोठ्यानं वाजवला तर दगडही वळेल." आणि गुरुवारी तो असा खडखडला की आतल्या खोलीतून थोरली पळत आली. "आई, तांदूळ सांडले?" धाकट्यानं दचकून मान वळवली आणि भोकाड पसरलं.

"बघ कसा वळला," ताई खूश. "कान तिखट आहेत पोराचे."

काळजीबाई खाली वाकून चमचा उचलत म्हणाली, "ताई, आज फारच जोरात वाजवलात."

उत्तर नाही. ताई धाकट्याला उचलून थोपटत होत्या. काळजीबाईनं मान वर करून, त्यांच्याकडे बघत तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

"जोरात?" ताई म्हणाल्या. "अगं, जेमतेम तर वाजवला. मलाच धड ऐकू आला नाही."

तिथे काळजीबाईच्या मनात पाल चुकचुकली. डबी तीच, दाणे तितकेच, हातही तोच. ताई गेल्यावर तिनं धाकट्याच्या मागे बसून कागद चुरगाळला, बोटं चोळली, हळूच नाव घेतलं. पठ्ठ्या दर वेळी वळला. तिचा जीव भांड्यात पडला, पण फार वेळ तिथे राहिला नाही.

शनिवारी ती पडदे घेऊन शिंपीणकाकूंकडे गेली. काकूंचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मशीन खडखडत होती आणि तिच्या पायाशी पाळण्यात काकूंचा नातू गाढ झोपला होता. धाकट्याहून जरा मोठा.

"या आवाजात झोपतो?"

"अगं, फार गुणी बाळ," काकू दोरा ओवत म्हणाल्या. "परवा सुनेच्या हातून परात पडली, मी उडाले. हा हललासुद्धा नाही. आजोबांवर गेलाय. त्यांच्या उशाशी घर पडलं तरी घोरत राहायचे."

"ताई येऊन गेल्या का याला बघायला?"

"मागच्याच आठवड्यात. खुळखुळा वाजवला, लगेच वळला. म्हणाल्या, काही काळजी नको."

बाळ जागं झाल्यावर काळजीबाईनं त्याच्या मागून जीभ टाळ्याला लावून टक्‌ टक्‌ केलं. ते कापडाच्या चिंधीशी खेळत होतं. वळलं नाही. पुन्हा केलं. नाही. आता चिंधीत रमलं असेल म्हणून वळलं नसेल, किंवा ओळखीची बाई नाही म्हणून नसेल. काळजीबाईला कारणं शोधायचीही चांगली सवय होती. पण ती समोर येऊन बसली, तेव्हा ते तिच्या तोंडाकडे बघून खुदकन हसलं, आणि पडदे तिथेच विसरून ती घरी आली.

नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. ऐकताना थट्टा केली नाही, यावरूनच तिला कळलं की गोष्ट साधी नाही.

"पण त्या बोलतात की नीट," तो म्हणाला. "सगळं कळतं त्यांना."

"ओठ वाचतात. गिरणीत शिकल्यात. म्हणून तर कुणाला पत्ता नाही. त्यांनाही नसेल."

"मग केंद्रातल्या मोठ्या बाईंच्या कानावर घाल. त्यांचं काम आहे ते."

ते बरोबरच होतं, आणि म्हणूनच तिला नको होतं. मोठ्या बाई वाईट नव्हत्या, पण वरून माणसं कमी करा म्हणून तगादा होता, हे ताईंनीच हसत हसत सांगितलं होतं. ऐकू न येणारी बाई मुलांचे कान तपासते, एवढं एक वाक्य तिकडे पोचलं की ताईंची पिशवी काढून घेणार. मग त्या कुणाच्या घरी जाऊन फतकल मारून बसणार? गप्प बसावं तर शिंपीणकाकूंचा नातू. शिवाय मागच्या वर्षभरात डबी अशी मोठ्यानं कोणाकोणामागे वाजली, कोण जाणे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

"नाहीतर काकूंनाच सांग," नवरा म्हणाला. "त्या नातवाला डॉक्टरकडे नेतील. ताईंचं नावच काढू नकोस."

"आणि बाकीची मुलं?"

 धाकटा नवऱ्याच्या मांडीवर बसून त्याच्या शर्टाचं बटण चोखत होता.

"मी ताईंनाच सांगते," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाच्या नाही, त्यांच्या कानावर घालते. काकूंचा नातू परत बघायला हवा, हे त्यांना कळलं की त्या स्वतःच पळत जातील. मोठ्या बाईंना सांगायचं तेही त्याच सांगतील, त्यांच्या पद्धतीनं. मी सोबत जाईन. मोठ्या बाईंकडे, आणि कानाच्या डॉक्टरकडेही."

"चिडल्या तर?"

"चिडू देत."

"आणि रडल्या तर?"

 ताईंना रडताना तिनं कधी पाहिलं नव्हतं. हसताना चहा सांडताना पाहिलं होतं, हट्टी बापाला शब्दात पकडताना पाहिलं होतं, आणि थोरलीनं पहिल्यांदा "ताई" म्हटलं तेव्हा पदरानं चष्मा पुसतानाही. पोरगी 'आई'च्या आधी 'ताई' म्हणाली, असं त्या सगळ्या गल्लीला सांगत सुटल्या होत्या. काळजीबाईला तेव्हा जरा राग आला होता. आता आला नाही.

तिनं फोन हातात घेतला. साधा लावला तर ताई "जोरात बोल गं, इथे रेंज नाही" म्हणणार, निम्मं ऐकणार, निम्मं अंदाजानं भरून काढणार, आणि असली गोष्ट अंदाजावर सोडण्यासारखी नव्हती. मग तिनं खिडकीजवळ, चांगल्या उजेडात खुर्ची ओढली, कपाळावरचे केस मागे सारले, चेहरा नीट दिसेल असा फोन समोर धरला आणि ताईंच्या नावापुढचं कॅमेऱ्याचं बटण दाबलं.