कानबाईची झालर

माझं सगळं आयुष्य जिनिंगमधल्या यंत्रांत गेलं. कापसाच्या धुळीत मोठमोठी चाकं खोलली, जोडली. त्यामुळे मण्यांची झालर म्हणजे काय मोठंसं, असं मला वाटलं. वाटायला काय जातं!

झालर कानबाईची. श्रावणात आमच्या खानदेशात कानबाई बसते, सगळे भाऊबंद जमतात आणि देवीमागची आरास बघून बायका विचारतात, "कोणी केली गं?" आमच्याकडे हे कधी विचारावं लागलं नाही. जळगावच्या आमच्या घराच्या मागच्या गॅलरीत बायकोचा कोपरा होता. लोणच्याच्या बरण्यांत रंगवार मणी, खिळ्यांना लोकरीच्या लडी, छताला तिनेच केलेलं बांगड्यांचं झुंबर. तिथे मला चहाचा कप टेकवायचीसुद्धा बंदी होती.

होळीच्या सुमारास तिला झटका आला. जीव वाचला, बोलणं परत आलं, उजवा हात मात्र रुसला. डॉक्टर म्हणाले, हात येईल, पण वापरायला हवा. व्यायामाला दिलेला रबरी चेंडू तिने खाटेखाली भिरकावला. हात पदराखाली झाकून बसायची. कोणी भेटायला आलं की झोपेचं सोंग. कोपऱ्यात हळूहळू कुलरचं खोकं, पापडांचे डबे साचत गेले. एक दिवस मला म्हणाली, "ते मणी देऊन टाका कोणाला तरी."

माझं डोकंच फिरलं. का म्हणून देऊन टाकायचे? पण भांडलो नाही. खोकी काढली, गॅलरीला पिस्ता रंग मारला, खुर्चीत बसून हात पोचेल अशी बुटकी फळी ठोकली, बरण्या पुसून तिच्या डाव्या हाताशी मांडल्या. ती आली, बघितलं, "छान" म्हणाली आणि परत आत जाऊन पडली. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मग म्हटलं, यंदाची झालर मीच करतो. तिची एक जुनी झालर समोर ठेवली, नायलॉनचा दोरा घेतला, चष्मा पुसला आणि बसलो. बाप रे, ते मणी! एक ओवावा तर दोन पळतात. मी त्यांच्या नावाने खडे फोडायचो आणि आतून ती ऐकायची. "दोरा ताणून धरा," एवढंच कधीतरी बोलायची. आषाढ सरता सरता माझे दोन हिरवे पोपट तयार झाले. झालरीच्या मधोमध ते पक्के ओवले आणि, खरं सांगतो, पोरगं वर्गात पहिलं आल्यासारखा मिरवत तिच्यासमोर घेऊन गेलो.

ती बघत राहिली. तिचं माहेर धुळ्याकडचं, राग आला की माहेरची भाषा तोंडात येते.

"बठ्ठं उलटं शे हो!" ती ओरडलीच. "सगळं उलटं! पोपट पाठीला पाठ लावून बसवलेत! देवीच्या मागे? नवरा-बायको भांडून बसल्यासारखे? चोची समोरासमोर हव्यात, एवढंही दिसलं नाही?"

"पोपट आहेत ना? झालं तर!" मीही चिडलो. "आता पुन्हा उसवणं माझ्याने होणार नाही. राहू दे तसंच."

"राहू दे? चार भाऊबंदांत माझं हसं करता? आणा इकडे!"

तिने झालर माझ्या हातातून ओढून घेतली. डाव्या हाताने धरली आणि पदराखालचा उजवा हात बाहेर आला. थरथरत गाठीवर गेला. बोटं घसरली, पुन्हा गेली. अंगठा आणि बोट गाठीवर मिटले. तिचं हाताकडे लक्षच नव्हतं. गाठ कशी गाढवासारखी मारलीय, यावरून ती मला झापत होती, तोंडाचा पट्टा नुसता सुरू होता. मध्ये बोललो तर हात थांबेल, अशी भीती वाटली.

गाठ सुटली. मणी फरशीवर टपटप सांडले. मी खाली बसलो ते उचलायला, पण मला एकही दिसेना.

"अहो, रडताय काय?" ती वरून म्हणाली. "डोळे पुसा आधी. हिरवे सगळे हवेत मला."