सुडाचं भरीत

वकिलाचा तो मुलगा मला पहिल्यापासून आवडत नव्हता असं म्हणालो, तर ते खोटं होईल. आवडत होता, म्हणूनच माझा राग इतकी वर्षं टिकला.

दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं आणि जळगावात नवं कॉलेज निघालं होतं. मी असोद्याहून सायकलनं यायचो. तो शहरातला, पांढऱ्याशुभ्र कपड्यांतला, गोडबोल्या. तास संपले की आम्हा चार-सहा जणांना गोळा करून मेहरुणच्या तळ्यावर न्यायचा, नाहीतर हॉटेलात चहाला. मी गणिताचं नाव काढलं की म्हणायचा, ‘‘मी तर पुस्तकाला हातही लावलेला नाही.’’ एवढा हुशार पोरगा हात लावत नाही, तर आपण कशाला जीव जाळावा, असं मला वाटे.

सहामाहीत तो पहिला आला आणि मी गणितात आपटलो. माझ्या वडिलांनी, नानांनी, आवाजसुद्धा चढवला नाही. म्हणाले, ‘‘वार्षिकले पास झाला त शिक, नाही त वखर धर.’’ नाना बोलले ते करणारे होते. मला शिकायचं होतं.

मन मोकळं करायला मी त्याच्या घरी गेलो. तो नव्हता. त्याच्या आईनं कौतुकानं सांगितलं, की तो रोज पहाटे उठून कंदिलाशी वाचत बसतो. रॉकेल तेव्हा रेशनवर मिळे. आमच्या घरी जेवणं झाली की दिवा मालवत, त्यामुळे अभ्यासाला मला संध्याकाळचाच काय तो उजेड. म्हणजे माझ्या संध्याकाळी त्यानं खाल्ल्या आणि स्वतःच्या पहाटा राखून ठेवल्या. वर दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या ओट्यावर चारचौघांत म्हणाला, की असोद्याच्या माणसानं वांगी पिकवावीत, गणिताच्या नादी लागू नये. सगळे हसले. मीही हसलो, आणि हसता हसताच ठरवलं, की याला वांग्यांनीच मारायचा.

थंडी पडल्यावर आमच्याकडे मळ्यामळ्यांत भरीत होतं. ज्याचा मळा, त्यानं वांगी भाजायची, अशी रीत. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर वांगी लावली की भाजणाऱ्यानं जागा सोडायची नाही. एक जरी करपलं तरी गावभर नाव खराब होतं. आणि धुरापायी बाकीचे लांब बसतात. मी दर रविवारी सगळ्यांना मळ्यात बोलवू लागलो. ते आंब्याखाली गप्पा हाणत. मी जाळाशी पाठमोरा बसून एका हातानं वांगी फिरवी आणि मांडीवरच्या पुस्तकातली गणितं जमिनीवर काडीनं सोडवी. तो कपडे मळतील म्हणून कधी जवळ आला नाही.

मग लाकडी बडगीत मिरची-लसूण घालून भरीत कुटायचं, पुऱ्या, वर दह्याचं मडकं. त्याच्या पानावर मी स्वतः वाढायचो. तो नको म्हणाला की पुऱ्या तळत बसलेल्या माझ्या आईला पुढे करायचो. तिच्या आग्रहापुढे कुणाचं चालत नसे. जेवून तो तिथंच घोरायचा. हळूहळू सोमवारी पहाटेचा कंदील लागेना, मग मंगळवारीही लागेना, हे मला त्याच्या आईच्याच बोलण्यातून कळे. त्यानं अभ्यासाचं विचारलं की मी त्याचंच वाक्य त्याला सांगायचो, हातही लावलेला नाही म्हणून. हे ऐकून त्याला फार बरं वाटे. मला त्याहून बरं वाटे.

वार्षिक परीक्षेत मी पास झालो. तो नापास.

नानांनी वखराचा विषय पुन्हा काढला नाही. आई मात्र हळहळली. उन्हाळ्याचे दिवस, अंगणात ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे पापड, वाळत होते. त्यातले ओलसर बिबडे, त्याला आवडतील म्हणून, तिनं फडक्यात बांधून माझ्या हातात दिले. ‘‘नापास झालं बिचारं लेकरू,’’ ती म्हणाली. ‘‘जाय, त्याले नेऊन दे. किती आवडीनं खाये आपल्या इथं.’’

मी सायकल काढली. जळगावच्या रस्त्यावर एका लिंबाखाली उतरलो, फडकं सोडलं आणि एकेक करून सगळे बिबडे स्वतः खाल्ले. शेवटच्या दोनांना तर पोटात जागाही नव्हती. फडकं झटकून घरी आलो. आईनं विचारलं, आवडले का त्याला. मी म्हणालो, फार आवडले.