चौथ्या भाषेचा प्रश्न

सासरे साताऱ्याहून आमच्याकडे ऑकलंडला राहायला आले, ते साल निवडणुकीचं होतं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस, रोजचं वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची सवय. इंग्रजी त्यांना वाचता यायचं, पण बोलायला जीभ रेटायची नाही. आमच्या माउंट रॉस्किल भागातल्या बसमध्ये ड्रायव्हर माओरीत ‘किया ओरा’ म्हणाला की ते हात जोडून नमस्कार म्हणत आणि समाधानानं खिडकीशी जाऊन बसत.

घरात मात्र त्यांना एक गोष्ट सारखी खुपत होती. आमची सहा वर्षांची मुलगी त्यांचं सगळं मराठी समजायची आणि सगळी उत्तरं इंग्रजीत द्यायची. पाणी मागितलं की पाणी यायचं, सोबत ‘हिअर यू गो, आजोबा’ही यायचं. ‘आजोबा’ एवढा एकच शब्द त्यांच्या वाट्याला.

वर्तमानपत्रातूनच त्यांना कळलं की या देशात इंग्रजी तर चालतेच, शिवाय माओरी आणि खुणांची भाषा या दोघींना कायद्यानं मान आहे. झालं, जेवताना तोच विषय. चौथी भाषा का नको? नवरा म्हणाला, बाबा, आपण बाहेरून आलेली माणसं, आपण कसं मागायचं? सासरे म्हणाले, इंग्रजी तरी कुठून आली? यावर नवऱ्यानं आमटी वाढून घेतली.

त्याच आठवड्यात जवळच्या हॉलमध्ये निवडणुकीला उभ्या असलेल्या एका बाईंची सभा होती. सासऱ्यांनी मला बजावलं की प्रश्न ते विचारणार आणि इंग्रजी मी करायचं. मी ऑफिसात दिवसभर लोकांशी बोलते, पण त्या हॉलमध्ये मी त्यांचा प्रश्न इंग्रजीत मनातल्या मनात घोकत बसले. रस्ते, घरभाडी, बसगाड्या असं सगळं होऊन गेल्यावर सासरे उठले. इस्त्रीचा शर्ट, त्यावर स्वेटर. त्यांनी खणखणीत मराठीत विचारलं, “ज्यांची मुलं इथंच जन्मली, त्यांच्या भाषांना हा देश कधीतरी आपल्या भाषा म्हणणार का?”

मी इंग्रजीत सांगितलं. बाई चांगल्या होत्या, त्यांनी प्रश्न हसण्यावारी नेला नाही. त्या म्हणाल्या, या एका हॉलमध्येच किती भाषा बसल्या आहेत बघा. सामोअन, टोंगन, चिनी, हिंदी, गुजराती, तमिळ. यातली कोणती निवडायची? दवाखान्यात, कोर्टात दुभाषी मिळावा यासाठी मी भांडेन, पण कायद्याचं वचन आज देऊ शकत नाही. सासऱ्यांनी मला सांगायला लावलं की मराठीचाच हट्ट नाही, सुरुवात सामोअनपासून केली तरी त्यांची हरकत नाही. तेव्हा मात्र सगळा हॉल मनापासून हसला आणि मागच्या रांगेतल्या सामोअन मंडळींनी टाळ्या वाजवल्या.

सभा संपून चहा सुरू झाला तेव्हा एक माओरी आजी सासऱ्यांसमोर येऊन उभ्या राहिल्या. पांढरे केस, फुलाफुलांचा ड्रेस, पायात जँडल्स, म्हणजे रबरी चपला. त्या माझ्याकडे न बघता थेट त्यांच्याशीच बोलत होत्या, मी मध्ये मराठी करत होते. लहानपणी शाळेत आपली भाषा बोलल्याबद्दल त्यांनी मार खाल्ला होता. कायदा झाला तेव्हा त्यांना फार आनंद झाला, पण कायद्यामुळे नातवंडं बोलायला लागली नाहीत.

सासऱ्यांनी विचारलं, “मग कशानं बोलायला लागली?”

“आम्ही म्हाताऱ्या बायका बाळांना घेऊन जमिनीवर बसलो,” त्या म्हणाल्या. “त्या खोलीत इंग्रजी आत येऊ द्यायची नाही, एवढं ठरवलं.”

आणि लगेच पुढे म्हणाल्या, कायदाही मागत राहा, तोही लागतोच. सासऱ्यांनी त्यांना वाकून नमस्कार केला. आजींनी माओरी रीतीनं सासऱ्यांचा हात धरून आपलं कपाळ आणि नाक त्यांच्या कपाळा-नाकाला टेकवलं. आमच्या घरात सासऱ्यांच्या इतक्या जवळ कधी कोणी गेलेलं मी पाहिलं नव्हतं. ते कानापर्यंत लाल झाले.

पुढच्या शनिवारी आमच्या गॅरेजमधली गाडी बाहेर निघाली आणि सतरंजी आत आली. आसपासच्या मराठी घरांतली चार-पाच मुलं गोळा झाली. सासऱ्यांनी नियम सांगितला, इथं इंग्रजी बंद. परिणाम असा झाला की सगळीच मुलं बंद झाली. तासभर चिडीचूप. भडंग संपलं, शब्द नाही. मी दाराआडून बघत होते, मला त्यांची दया आली. मुलांची नव्हे, सासऱ्यांची.

दुसऱ्या शनिवारी त्यांनी पत्ते काढले. डाव रंगात आला आणि ते बोलून गेले, “चला, आता टेबलवरची पानं उचला.” आमची मुलगी उसळून उभी राहिली.

“आजोबा, टेबल इंग्लिश आहे! तुम्ही चीटिंग केलं!”

चीटिंगही इंग्लिश आहे, असं तिच्या शेजारचा मुलगा मराठीत म्हणाला. मग टेबल मराठी की इंग्रजी यावर जे भांडण जुंपलं, ते सगळं मराठीत. सासरे मध्ये पडले नाहीत. पत्ते हातात तसेच धरून ते नुसते ऐकत बसले होते, चेहरा असा की साताऱ्याबाहेर झालेली बदली रद्द झाल्याची ऑर्डर हातात पडली आहे. शेवटी टेबल मराठी ठरलं, पेनही ठरलं, फ्रिजवर एकमत होईना.

ते गॅरेज पुढे दोन हिवाळे चाललं. शेजारच्या हिल्सबरोहूनही मुलं येऊ लागली. माओरी आजी अधूनमधून स्कोन नावाचे छोटे पाव भाजून घेऊन यायच्या, सतरंजीवर बसायच्या आणि मुलांकडून आकडे शिकायच्या. ‘एकोणतीस’ला त्यांनी हात टेकले. सासऱ्यांनी त्यांच्याकडून माओरी आकडे शिकून घेतले आणि ते जास्त सोपे आहेत हे मोकळेपणानं मान्य केलं.

आपल्या भाषांना इथं कायद्यानं जागा मिळेल का, हे मला अजून माहीत नाही. सासऱ्यांच्या मते मिळेल, नवऱ्याच्या मते नाही, आणि दोघांचा वाद आता आमच्या मुलीला पूर्ण समजतो आणि ती त्यात भागही घेते.

एकदा मी तिला आणि तिच्या मैत्रिणीला घेऊन कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे इथल्या किराणा दुकानात गेले. आईस्क्रीमच्या काचेपाशी दोघी कुजबुजत होत्या. दुकानदाराला कळू नये म्हणून खास मराठीत. काका छोटा स्कूप देतात, आपण आधी गोड हसू या, मग मोठा देतील, असा बेत चालला होता. गल्ल्यामागच्या गुजराती काकांनी चष्मा वर केला.

“हसायचं कशाला?” ते म्हणाले. “माझं बालपण घाटकोपरला गेलंय. मराठीत मागा, मोठा देतो.”

दोघी पार लाजल्या. मग आमची पुढे झाली आणि एकही इंग्रजी शब्द न वापरता तिनं आंब्याचं मागितलं.