राईतल्या लाल फुल्या

“चपला! आधी चपला काढ! देवीची राई आहे ही!”

दाजीकाका असे ओरडले की वरचे धनेश पक्षी उडाले ते थेट कर्नाटकात उतरले असतील. मी मुकाट चपला काढल्या. काका स्वतःही अनवाणीच होते. फक्त हातात लाल रंगाचा डबा होता आणि देवीच्या नव्या देवळासाठी तोडायच्या झाडांवर ते मोठ्या भक्तिभावाने फुल्या मारत होते.

आमच्या राईतली वाळकी काटकीसुद्धा कुणी घरी नेत नाही. नेली तर चूल पेटत नाही म्हणतात. इथला बेहड्याचा वृक्ष एवढा मोठा, की पणजोबांची हरवलेली म्हैस त्याच्या ढोलीतून रेडकासकट बाहेर आली. ही राई पावसाळाभर घटाघट पाणी पिते आणि उन्हाळाभर झऱ्यातून ते थेंबाथेंबाने गावाला देते. त्याच झऱ्यावर बायका हंडे भरतात, भांडतात, सोयरिकी जुळवतात. आणि एवढा संसार चालवणाऱ्या देवीला म्हणे घर नाही! म्हणून तिचं हिरवं छप्पर उतरवून तिला सिमेंटखाली बसवायचं. कपाळ आपटावं म्हटलं, तर झाडांवरचा रंगही ओला!

“काका, बांधकामाला पाणी कुठलं?”

“झऱ्याचं. दुसरं कुठलं?”

“अहो, राई तोडल्यावर झरा आटेल त्याचं काय?”

काकांनी बेहड्यावर फुली पुरी केली.

“तोवर स्लॅब टाकून झालेला असेल.”